जीपवाला तिकीट देत नाही

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. मानधन एक हजार रुपये. हजर: अध्यक्ष म्हणून बाहेरून आलेले निवृत्त डॉक्टर, इस्पितळाचे दोन डॉक्टर, एक वकीलबाई, एक समाजसेविका आणि मी. मी म्हणजे सामान्य माणूस.

हा विनय नाही, नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलंय. नाशिकच्या या इस्पितळात रुग्णांवर नवं औषध तपासायचं तर आधी एक समिती सगळे कागद वाचते. तिच्यात वैद्यकातलं काही न कळणारा एक जण लागतोच. तो नसेल तर बैठक ग्राह्य धरत नाहीत. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजतो. पत्र वाचून बायको म्हणाली, "एवढ्या शहरातून बरोबर माणूस शोधला हो त्यांनी!"

त्या दिवशी मी सवयीप्रमाणे अर्धा तास आधी पोचलो. बाहेरच्या बाकावर पेठच्या पलीकडच्या पाड्यावरची एक बाई बसली होती, मांडीवर सातेक वर्षांची मुलगी. मुलीला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आजार. त्यावरच्या औषधाच्या अभ्यासात ती होती. आज तिसरी खेप.

"औषधानं गुण हाय," बाई म्हणाली. "पण आता नाय यायची. गाडीभाडं देऊ म्हणाले, न् आता तिकीट मागतात. जीपवाला तिकीट देतो का कुठं?"

"भाडं किती?"

"एका बाजूचं एकशेतीस."

"मुलीचं?"

"येताना मांडीवर, तर फुकट. जाताना ती वकते, मग खिडकीशी बसवावी लागते. त्याचे पासष्ट घेतो."

मी मानधनाच्या पाकिटावर हिशेब केला. एका खेपेचे तीनशे पंचवीस, तिन्हींचे नऊशे पंच्याहत्तर.

बैठकीत आधी मोठ्या माणसांच्या मधुमेही जखमांवरचं मलम झालं. मग सिकलसेलचा अभ्यास पुढे चालू ठेवायचा का, हा विषय आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. समोसे आले. अध्यक्षांनी एक उचलला आणि विचारलं, "सामान्य सदस्यांचं काही?"

"आहे," मी म्हणालो. त्यांनी समोसा खाली ठेवला.

मी जीपचं सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, "एसटीनं यावं ना. तिकीट मिळतं."

"पहिली एसटी तिथून नऊला सुटते. पान अकरा बघा. रक्त द्यायला तुम्ही इथे नऊला बोलावलंय."

सगळ्यांनी पान अकरा काढलं. बहुतेकांनी पहिल्यांदाच.

"अहो, पण पुराव्याशिवाय पैसे कसे द्यायचे?" अभ्यास चालवणारे डॉक्टर वैतागले. "हिशेब खातं ऐकत नाही."

"या समोशांची पावती आहे?"

"समोशांची?"

"अठरा समोसे. गाडीवरचे दिसतात."

"त्याचं काय, किरकोळ खर्चाचं व्हाउचर असतं. शिपाई रक्कम लिहितो, सही करतो."

"मग तिलाही लिहिता येतं. मघाशी विचारलं मी."

समाजसेविकाबाईंना ठसका लागला, समोशाचा नसावा.

"समजा, नाही जमलं तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तर माझी सही नाही. आणि मी आत्ता उठलो तर बैठकही नाही. मलमासकट."

मलमवाले डॉक्टर लगेच म्हणाले, "सर, मुद्दा रास्त आहे."

ठराव दोन ओळींचा झाला: जीपने येणाऱ्यांना सहीच्या व्हाउचरवर भाडं, मागच्या खेपांसकट. मी 'आणि परतीचं' हे शब्द घालून घेतले. वकीलबाईंनी उसासा टाकला, पण घातले.

जीप दोनला सुटायची होती. पावणेदोनला हिशेबनिसाने बाईला हजार रुपये दिले आणि सुटे पंचवीस मागितले. तिने कमरेच्या पिशवीतून काढून मोजून दिले आणि मग व्हाउचरवर नाव पूर्ण, ठळक लिहिलं.

"पुढल्या महिन्यात कवा यायचं?" तिने विचारलं. मी तारीख सांगितली.

मुलगी उरलेल्या समोशांच्या ताटाकडे बघत होती. ते ताट इस्पितळाच्या खर्चातलं, त्याला हात लावणं मला बरं दिसेना. फाटकाबाहेरच्या गाडीवरून एक घेऊन दिला.

मुलीच्या आईला नऊशे पंच्याहत्तर. समोसेवाल्याला पंधरा, माझ्या खिशातून. पावती नाही.