मानेवरची नागीण आणि पास्कलचा सूर

डॉक्टरबाईंनी कापसाचा बोळा माझ्या मानेच्या डाव्या बाजूला अलगद टेकवला आणि मी असा ओरडलो की बाहेर वेटिंग रूममध्ये कुणाचं तरी पोर रडायला लागलं.

“पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया,” बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर बायकोला, म्हणजे फिलोमिनाला, मी त्याचं वसईच्या भाषेत भाषांतर करून सांगितलं. नागीण गेली, शेपूट ठेवून गेली.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे कॅनडात ज्याला शिंगल्स म्हणतात ती आपली नागीण. लहानपणी कांजिण्या आलेल्या असतात, त्यांचा विषाणू मज्जातंतूत झोपून राहतो आणि आपण पन्नाशी ओलांडून जरा निवांत झालो की उठतो. पुरळ येतं, फोड येतात, सुकतात. काहींचा मज्जातंतू मात्र जळलेल्या वायरीसारखा उरतो आणि मग कशानेही ठिणगी उडते. कापसाने, वाऱ्याने, शर्टाच्या कॉलरने. ज्या स्पर्शाने दुखायला नको त्याने दुखणं, याला अ‍ॅलोडिनिया म्हणतात. नाव एखाद्या फुलासारखं आहे, एवढंच त्याचं कौतुक.

यात माझी अक्कल किती होती तेही ऐका. फोड आले तेव्हा मी ठरवलं की विंटर जॅकेटची चेन घासते आहे. आठवडाभर खोबरेल तेल चोळलं. नागिणीवरचं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केलं तर खरा उपयोग, हे मला नंतर कळलं. तुम्ही तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि नागिणीची लस मिळते, ती आधीच घ्या.

“व्हायोलिन कधी वाजवू?” मी बाईंना विचारलं होतं.

“ते कुठे टेकवता?”

मी बोट दाखवलं. बरोबर तिथेच.

बाईंनी कापूस डब्यात टाकला. मग म्हणाल्या, “सध्या नको. काही महिने लागतील, कदाचित जास्त.”

टोरांटोच्या आसपासचे आम्ही वसईकर महिन्यातून एका रविवारी मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जमतो. गायनमंडळात वेदीच्या डाव्या अंगाला एक खुर्ची आहे, तिच्यावर बसून मी इतकी वर्षं व्हायोलिन वाजवत आलो. आठवडाभर मी एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, आणि त्या खुर्चीवर बसलो की माझ्या चुका कुणी शोधत नाही. ती खुर्ची जाणार म्हणजे मी घरात काय राहणार? मफलर बांधू न शकणारा, ओरडणारा एक म्हातारा.

गॅबापेन्टिन सुरू झालं. मज्जातंतूच्या दुखण्यावरची ही गोळी आहे. दुखणं थोडं उतरलं आणि मी पूर्ण उतरलो. मीटिंगमध्ये झोपायचो, पाय सुजायचे. औषधी पट्ट्या चिकटवून पाहिल्या, तर त्या काढताना मला जे शब्द आठवायचे ते मी वसई सोडल्यापासून वापरले नव्हते. शेवटी बाई म्हणाल्या, “काही रुग्णांना मेडिकल कॅनाबिसने फरक पडतो. सगळ्यांना नाही. मी तुम्हाला त्यासाठीच्या क्लिनिककडे पाठवते. थांबा थोडं.”

कॅनाबिस म्हणजे गांजा. आणि थांबणं हा माझा स्वभाव नाही.

मी न्यू जर्सीच्या मेव्हण्याला, रॉकीला, फोन केला. रॉकीला सगळं ठाऊक असतं. “कार्ड काढ,” तो म्हणाला. “इथे प्रत्येक राज्याचं कार्ड असतं. कार्ड नसेल तर आत जाशील.”

कार्ड म्हटलं की माझ्या पिढीच्या माणसाचा जीव शांत होतो. रेशनकार्ड, पॅनकार्ड, इथे कायम राहायच्या परवान्याचं पीआर कार्ड. मी वेबसाइट शोधली, फोटो अपलोड केला, आणि पोस्टाने एक लॅमिनेट केलेलं कार्ड आलं. त्यावर माझा फोटो, खाली हिरवं पान. ते घेऊन मी आमच्या प्लाझामधल्या कॅनाबिसच्या दुकानात गेलो आणि काउंटरवर पोलिसाला लायसन्स दाखवावं तसं ठेवलं.

काउंटरवरच्या मुलीने ते उलटंपालटं केलं. “सर, इथे एकोणीस वर्षं पूर्ण असली की पुरे. तुमची दिसतायत.”

“पण हे कार्ड?”

“छान आहे. पुस्तकात खूण ठेवायला वापरा.”

तर हे लक्षात ठेवा. कॅनडात असलं कार्ड लागत नाही. दुकानातून कुणीही प्रौढ माणूस विकत घेऊ शकतो. वैद्यकीय मार्ग वेगळा आहे: डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर मेडिकल डॉक्युमेंट देतात, त्यावर तुम्ही परवानाधारक विक्रेत्याकडे नाव नोंदवता, तेल पोस्टाने घरी येतं, आणि किती घ्यायचं ते सांगायला कुणीतरी असतं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. मी त्या मुलीकडून तेलाची बाटली घेतली आणि मला सांगायला कुणी नव्हतं. होमिओपॅथीवर वाढलेला माणूस थेंबांना घाबरत नाही.

त्या रविवारी मिस्सेला जाण्याआधी थेंब घेतले. काही झालं नाही. पार्किंग लॉटमध्ये पुन्हा घेतले. गाडी फिलोमिना चालवत होती, ही देवाची कृपा.

अर्पणाच्या गीताला सुरुवात झाली तेव्हा मी व्हायोलिन हनुवटीखाली ठेवलं आणि दुखलं नाही. खरंच दुखलं नाही. गीताची तीन कडवी आहेत. मी चौथं वाजवलं. मग पाचवं. मंडळ गप्प झालं होतं, फादर हात पसरून उभे होते, आणि मला वाटत होतं की सगळे ऐकताहेत म्हणून शांत आहेत. फिलोमिनाने येऊन माझ्या हातातून गज काढून घेतला तेव्हा मी तिला म्हणालो, “थांब गं, आता तर कुठे आलंय.”

नंतर कॉफीच्या टेबलाशी बायका काळजीने विचारायला आल्या. मी हसत होतो. “घाबरू नका, मी कायदेशीर आहे,” म्हणून मी खिशातून ते कार्ड काढून सगळ्यांना दाखवलं.

पास्कल घोन्साल्विसने त्याचा फोटो काढला.

पास्कल आमच्या गायनमंडळाचा प्रमुख. आवाज भारदस्त, पण सुरुवातीचा सूर त्याला स्वतःहून कधीच सापडत नाही. तो मी द्यायचो. आम्ही घरी परतेपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर माझा फोटो पडला होता. खाली लिहिलं होतं: “आपले बेनी लोपीस, गांजाचे पदवीधर. यापुढे व्हायोलिन नाही. वेदीचा मान राखावा.” आणि खाली हात जोडल्याचं चिन्ह.

चुका माझ्या होत्या, हे मला मान्य होतं आणि आहे. पण ते हात जोडलेले. त्या जोडलेल्या हातांसाठी मी ठरवलं की हा माणूस भर मिस्सेत तोंडावर पडला पाहिजे.

माझी मुलगी रेचल म्हणाली, “डॅड, जस्ट लेट इट गो.” फिलोमिना म्हणाली, “प्रभूची प्रार्थना म्हणतोस ना रोज?” म्हणत होतो. आम्ही अपराध्यांना क्षमा करतो ती ओळ आली की मला खोकला यायचा.

क्लिनिकमध्ये माझा नंबर लागला. तिथल्या नर्सने माझी कार्डकथा ऐकली, हसू दाबलं आणि मला कामाला लावलं. “थोड्यापासून सुरू. हळू वाढवायचं. रोज लिहायचं.” सीबीडी, म्हणजे नशा न आणणारा भाग, जास्त, टीएचसी अगदी कमी. टीएचसी म्हणजे डोक्यात जाणारा भाग, ज्याने मला पाचवं कडवं सुचवलं होतं. तेल फक्त झोपताना घ्यायचं, आणि नंतर गाडी चालवायची नाही. रॉकीकडे जाताना बाटली बॅगेत भरणार होतो, तेही तिनेच थांबवलं. पलीकडच्या राज्यात गांजा चालत असला तरी देशाची सीमा ओलांडून नेणं गुन्हा आहे, मेडिकल डॉक्युमेंट असलं तरी. ही चूक मी केली असती, शंभर टक्के.

मी इतका आज्ञाधारक रुग्ण आयुष्यात कधी झालो नव्हतो. पथ्य पाळलं, व्यायाम केला, मानेवर आधी रेशमी रुमाल, मग सुती, मग टर्किश टॉवेल असा स्पर्शाचा सराव केला. नर्स म्हणाली, “तुमची जिद्द छान आहे.” ती जिद्द नव्हती, पास्कल होता. बेसमेंटमध्ये व्हायोलिन आधी एक मिनिट, मग दोन. डोळ्यांसमोर त्याचा गळा.

माझ्या जागी त्याने त्याचा भाचा कीबोर्डवर बसवला होता. भाच्याला दुसऱ्या प्रांतात, ब्रॉसार्डला, नोकरी लागली आणि तो ईस्टरच्या तोंडावर गेला. मग फोन आला.

“बेनी, मी पास्कल. फादरांनी सांगितलं म्हणून करतोय.”

“कोण पास्कल?”

“नाटकं नको करू. ईस्टरला येशील का?”

“वेदीचा मान राहील ना?”

“तेल घेऊन येऊ नको म्हणजे झालं.”

“नाही घेत. तू घसा धुऊन ये.”

ईस्टरची मिस्सा. हॉल भरलेला, पास्कल नव्या सुटात. मी व्हायोलिन हनुवटीखाली ठेवलं. दुखलं, पण सोसण्याजोगं. सगळ्यात मोठं गीत आलं तेव्हा त्याने नेहमीसारखं माझ्याकडे पाहून भुवई उडवली, सूर मागायला. मी दिला, नेहमीपेक्षा चांगला दोन पट्ट्या वरचा.

पहिली ओळ तो कसाबसा चढला. दुसऱ्या ओळीत वरचा सूर आला आणि त्याचा आवाज, काय सांगू, कोंबडं दारात चेंगरावं तसा निघाला. लोकांनी माना वळवल्या. इतके महिने मी याच क्षणाची वाट पाहिली होती.

मी एवढंच विसरलो होतो की त्या पट्टीत माझाही हात व्हायोलिनच्या गळ्यावर वरपर्यंत जातो, आणि तो तिथे गेला की हनुवटी दाबून धरावी लागते. नेमकी त्याच जागी. ठिणगी कानापासून खांद्यापर्यंत गेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. थांबलो असतो तर पास्कल सुटला असता, म्हणून थांबलो नाही. तोही थांबला नाही, तो डोळे मिटून लाल होऊन गात होता, त्याच्याही गालावर पाणी.

मिस्सेनंतर फादर म्हणाले, अशी भक्ती बऱ्याच दिवसांत पाहिली नाही.

खरा घात फिलोमिनाने केला. “इतकी वर्षं तुम्ही पुरुषांच्या पट्टीत गाता, आम्ही नुसत्या पुटपुटतो,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “आज आम्ही गायलो. आता हीच पट्टी ठेवायची.” मंडळातल्या सगळ्या बायका तिच्या बाजूने. ठराव पास.

पास्कल मला पार्किंग लॉटमध्ये गाठायला आला.

“मुद्दाम चढवलास.”

“हो.”

“हात जोडले होते ना मी त्या मेसेजमध्ये.”

“म्हणूनच चढवला.”

तो गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला. “तुझी मान दुखते ना त्या पट्टीत? मी बघत होतो. तू म्हण पट्टी उतरवू या, मी लगेच हो म्हणतो.”

“तू म्हण. तुझा गळा आहे.”

तो म्हणाला नाही. मीही नाही.

आज माझं दुखणं अर्ध्याहून कमी आहे. मफलर बांधता येतो. त्या डॉक्टरबाईंचा, नर्सचा आणि गज काढून घेणाऱ्या बायकोचा मी ऋणी आहे. तेलाने सगळ्यांना गुण येईल असं मी सांगणार नाही, आणि माझ्यासारखं तर मुळीच घेऊ नका. पण तुमच्यापैकी कुणाची नागीण शेपूट ठेवून गेली असेल आणि सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर औषधाबरोबर एखादा पास्कलही शोधा.

दर महिन्याला आम्ही दोघं वेदीच्या डाव्या अंगाला एकमेकांशेजारी रडतो. प्रभूची प्रार्थना येते, ती ओळ येते, आणि मला खोकला येतो. परवा माझ्या लक्षात आलं, पास्कललाही येतो.