राजचिन्हावरचा सिंह

चहा आधी संपवून टाका. मी जी फजिती सांगणार आहे ती ऐकताना घोट नाकात जातो, असा आमच्या हिचा अनुभव आहे.

मी सुभेदार नामदेव, निवृत्त. पडेगावात राहतो, पेन्शन खातो, जास्वंदीला पाणी घालतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण मी बॅरनसुद्धा आहे. हसू नका! बॅरन म्हणजे सरदारच म्हणा ना. शिवाय एका देशाचा संरक्षणमंत्री.

कुठला देश? नकाशात शोधू नका, सापडणार नाही. नोकरीत असताना शांतिसेनेबरोबर परदेशी गेलो होतो. तिथं ऑस्कर नावाचा एक गोरा ड्रायव्हर जिवाभावाचा दोस्त झाला. निवृत्त झाल्यावर या पठ्ठ्यानं डोंगरातलं आपलं शेतच देश म्हणून जाहीर केलं. हौसेचा मामला. झेंडा आहे, शिक्का आहे, फक्त जगानं मान्यता द्यायची राहिली आहे. राजा तो स्वतः. प्रजा म्हणजे बायको, दोन लेकी आणि इंटरनेटवरून भरती झालेली आमच्यासारखी मंडळी.

मला सरदारकी कशी मिळाली? थापेवर. परदेशात एकदा सगळे आपापल्या घराण्याबद्दल सांगत बसले होते. आमचं घराणं पिशोरचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. चारचौघांत ते सांगायची मला लाज वाटली. म्हणालो, आमची जहागीर आहे. ऑस्करनं ते लक्षात ठेवलं आणि राजा झाल्याबरोबर पहिली सनद मला पाठवली.

सनदेवर राजचिन्हाचा शिक्का होता, शाई जरा पसरलेली. मागच्या पायांवर उभं राहिलेलं एक जनावर, तोंडाभोवती दाट, वळणदार असं काहीतरी. आयाळच की! राजाच्या शिक्क्यावर सिंह नाही तर काय असणार? आणि बघण्याच्या बाबतीत मला कोण शिकवणार? दूरच्या डोंगरावरची हालचाल दुर्बिणीतून कशी ओळखायची, हे मी सहा वर्षं रंगरुटांना शिकवलंय.

तर यंदा दिवाळीनंतर राजेसाहेबांचा निरोप आला. अजिंठा बघायला येतोय, तुझ्याकडं दोन दिवस राहीन, जहागीरही दाखव.

माझी पाचावर धारण बसली. ही म्हणाली, "अहो, खरं सांगून टाका आणि मोकळे व्हा." पण खरं सांगितलं तर मंत्रिपद जाणार, दोस्तही जाणार. जहागिरीचं एक वेळ निभावलं असतं, कोर्टात वाद चालू आहे म्हणून ठोकून दिलं असतं. खरी धास्ती दादाची होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ किसन. दरवर्षी दिवाळीनंतर तो कळप घेऊन दौलताबादवरून खाली उतरतो आणि आमच्या घरासमोरच्या मोकळ्या रानात मुक्काम टाकतो. नेमके तेच दिवस! मी फोन लावला. म्हणालो, दादा, यंदा पडेगावला येऊ नको, फुलंब्रीच्या वाटेनं जा, घरी बडा पाहुणा येणार आहे.

 दादा म्हणाला, "बरं. पाहुण्याला दूधबिध लागलं तं सांग. धाडून देतो."

त्यानंतरचा चहा काही मला गोड लागला नाही. तरी तयारीला लागलो. एक हिमरू शाल घेतली आणि गुलमंडीच्या बाजारातल्या कारागिराकडून तिच्यावर सिंह भरून घेतला. शिक्क्यातलं जनावर जरा मवाळ वाटत होतं, म्हणून सुळे आणि नखं मी पदरची घातली.

पाहुण्याला आणायला गाडी घेऊन अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला गेलो. अंगात ब्लेझर, छातीवर पदकं, खांद्यावरून मंत्र्याचा पट्टा. राजेसाहेब लेणी बघून तृप्त झाले होते. आम्ही निघालो.

आता मला सांगा, फर्दापूरहून पडेगावला यायची वाट कुठून? सिल्लोड आणि मग फुलंब्री. आणि दादाला मी कुठं धाडलं होतं? अठ्ठावीस वर्षं फौजेचे नकाशे वाचलेला माणूस मी!

फुलंब्रीच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला, आणि मधोमध लाल पटक्यात दादा.

आमची नजरानजर झाली. त्यानं माझी पदकं बघितली, पट्टा बघितला, शेजारचा गोरा पाहुणा बघितला. आणि कुणा परक्याशी बोलावं तसं म्हणाला, "थांबा साहेब, घेतो बाजूला."

साहेब! यानंच मला खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं होतं. आपली शाळा सोडून माझ्या वाटची मेंढरं राखली, म्हणून मी भरतीला जाऊ शकलो. आणि आज माझी अब्रू राखायला तो मला साहेब म्हणत होता.

तोवर राजेसाहेब खाली उतरलेसुद्धा. एक मेंढी लंगडत होती. ते मातीतच बसले आणि तिचा पाय उचलून बघायला लागले. दादाही बसला. एकानं पाय धरला, दुसऱ्यानं खुरातला काटा काढला. हा मराठीत बोलतोय, तो त्याच्या भाषेत, आणि कुणाचंच काही अडत नव्हतं. राजेसाहेबांनी मान वर करून मला विचारलं, हा जाणकार माणूस कोण?

 आता खोटं बोलायला जीभ वळेना. सांगितलं की हा माझा सख्खा थोरला भाऊ, जहागीर वगैरे काही नाही, आमची ही मेंढरंच आहेत आणि माझं सगळं यांच्यावरच झालं. मग दादाकडं वळलो. "दादा, चुकलो. तुझ्यामुळं मी माणसांत आलो आणि तुलाच दुसऱ्या वाटेला लावलं."

"असू दे," दादा म्हणाला. "पाय धर हिचा नीट."

राजेसाहेब हसले आणि त्यांनी मोबाईलमधले आपल्या देशाचे फोटो दाखवले. सगळा डोंगर मेंढरांनी पांढरा! त्यांचेही वाडवडील मेंढपाळच. मी त्यांच्याशी बोलायचो ते फक्त राज्यकारभाराचं. शेतात काय आहे, हे कधी विचारलंच नव्हतं.

सुटलो एकदाचा, असं वाटून मी शाल पुढं केली. राजेसाहेबांनी उलटसुलट करून बघितली आणि फार अदबीनं विचारलं की हे जनावर कोणतं. म्हटलं, महाराज, आपल्या राजचिन्हावरचा सिंह.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून दादाच्या हातात दिली. तिच्यावर तेच चिन्ह होतं, पितळेचं, ठसठशीत. दादानं एकदाच बघितलं.

"येडा झाला का तू? मेंढा हाय हा. शिंगं दिसंनात व्हय तुला?"

आयाळ नव्हती हो! वळलेली शिंगं होती.

पुढचे दोन दिवस राजेसाहेब आमच्या गादीवर झोपलेच नाहीत. कळप पडेगावला आणवला आणि दादाच्या मुक्कामात घोंगडीवर राहिले. माझं मंत्रिपद त्यांनी काढलं नाही, मोठ्या मनाचा माणूस. पण जाताना दादाला ड्यूक केलं, म्हणजे माझ्यापेक्षा पुष्कळ वरचा सरदार. ती शालही त्यालाच पांघरली. माझं काही म्हणणं नाही. देवानं मला असा भाऊ आणि असा राजा दिला, याहून मोठी जहागीर कुठली?

दादा आता ती शाल पांघरूनच मेंढरं राखतो. पिशोरच्या बाजारात लोक विचारतात, दादा, शालीवर हा वाघ हाय का सिंह?

दादा म्हणतो, "मेंढाच हाय. धाकट्यानं काढून घेतलाय. लहानपणीच फौजेत गेला ना, त्याला जनावरं वळखू येत नाय."