पुजलेली हत्यारं
झेंडूच्या वासात मशीनच्या तेलाचा वास मिसळला की आजही मला तो दसरा आठवतो. ठाण्याला खाडीजवळच्या एका लेथच्या कारखान्यात आम्ही तिघं उमेदवारीला होतो, आणि गणपतीपासून मालकाने आमचा पगार अडकवला होता. मागितला की म्हणायचा, "काम फुकट शिकताय, वर पैसे कसले?" खंडेनवमीला आम्ही कानशी, हातोडे, पाने घासूनपुसून पाटावर मांडले आणि त्याने हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चला, हत्यारं उचला." आम्ही भिंतीला पाठ लावून उभेच राहिलो. ठरलं होतं तसंच. पण कामावरून काढलं तर कळव्याला घरी वडिलांना काय सांगणार होतो? आमच्यातला थोरला कसाबसा बोलला, "शेठ, आधी पगार द्या." पुजलेल्या हत्याराला पहिला हात कारागिराचाच लागायचा, मालकाचा नाही, आणि त्याशिवाय काम सुरू व्हायचं नाही, अशी तिथली रीत. मालकाने म्हाताऱ्या मिस्त्रीकडे पाहिलं. त्याचा पगार वेळेवर व्हायचा; त्याने हातोडा उचलला की आम्ही संपलो. मिस्त्री पाटापाशी गेला, वाकला, हातोड्यावरचं सुकलेलं फूल नीट ठेवलं आणि म्हणाला, "यंदा पहिला हात पोरांचा लागू द्या, शेठ." मालक पाय आपटत आत गेला आणि पैसे घेऊन आला. आता माझाच कारखाना आहे. पगार मी पूजेच्या आधीच वाटतो. तरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी पहिलं हत्यार उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव येत नाही.