गरम भरलेली ज्वारी

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही — आणि बहिणीपाशी तर मी काय काय बोलते! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही नाही, हे लिहायला बसल्यावर कळतंय.

माझं माहेर निपाणीकडचं. लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हापासून घरची साठवण माझ्याकडे. वर्षाची ज्वारी, तांदूळ, तूरडाळ. डाळीला एरंडेल तेल चोळायचं, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा, ज्वारीला कडक उन्हं द्यायची. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "आमच्या थोरलीच्या हातचं धान्य किडत नाही." शिक्षण बेताचं, नोकरी नाही, रूप चारचौघींसारखं — त्या एका वाक्यावर मी या घरात ताठ मानेने वावरले. हसू येतं ना? येऊ दे.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि मृणाल आली. पुण्याची, आयटीतली. वर त्यांचा संसार, खाली आमचा. गल्लीतले सगळे मला अक्का म्हणतात हे पाहून तीही पहिल्याच आठवड्यात अक्का म्हणायला लागली. तिचा राग यावा असं तिने कधी काही केलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुम्ही तिच्यात खोट शोधत बसणार नाही. मी पुष्कळ शोधली.

आमचं लेआउट, म्हणजे ही सगळी वसाहतच, सखल. एका पावसाळ्यात गल्लीत मांडीभर पाणी चढलं, वीज गेली, सिलिंडर संपला आणि गॅसची गाडी आत येईना. खालचं सामान वर नेऊन आम्ही चुरमुरे खाऊन दिवस काढले. बाकीचे पाणी ओसरल्यावर ते विसरले. मृणाल विसरली नाही. "अक्का, पुन्हा असं झालं तर?" म्हणत ती व्हिडिओ बघत बसायची. दिराचं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. तिथून तिने रंगाचा रिकामा मोठा डबा आणला, जाळून-घासून साफ केला, खाली भोक पाडलं, मधोमध बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरला आणि बाटली अलगद वर ओढून काढली. खालून चिंधी पेटवली. भुसा दुपारभर जळत राहिला, धूर अगदी नावाला. डाळ शिजली, भात झाला, वर आंघोळीचं पाणी तापलं.

सासूबाई गच्चीत पाटावर बसून बघत होत्या. "अगं, माझ्या आईकडे अश्शीच भुशाची शेगडी होती!" असं म्हणून त्यांनी मृणालच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. माझ्यावरून त्यांनी कधी बोटं मोडली होती? आठवून पाहिलं. खूप आठवलं.

इथवर फक्त पोटात दुखत होतं. पोटात कुणाच्या दुखत नाही?

मग तिने धान्याचं मनावर घेतलं. घट्ट झाकणाची पिंपं आणली, अडीअडचणीला गल्लीला पुरेल एवढं भरायचं म्हणाली. सगळं मला विचारून केलं, आणि मीही खरं तेच शिकवलं. शेजारणी जिना चढून तिची पिंपं बघायला जायच्या — माझ्या कोठीवरून, माझ्याच दारासमोरून. एकदा मल्लेश्वरमच्या मावशी आल्या तेव्हा सासूबाई त्यांना म्हणाल्या, "आता धाकटी बघते सगळं. थोरलीला जरा आराम." आराम! मला कुणी मागितला होता का आराम?

बघा, मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. येते.

उन्हाळ्यात नवी ज्वारी आली. मृणालने गच्चीत पसरून एक ऊन दिलं आणि तेवढ्यात पुण्याहून फोन आला, तिच्या वडिलांना दवाखान्यात नेलं होतं. बॅग भरता भरता ती मला म्हणाली, "अक्का, अजून दोन उन्हं द्याल? आणि पूर्ण गार झाल्यावरच भरायची, तुम्हीच शिकवलंय." मी इथल्यासारखं "सरी", म्हणजे बरं, म्हटलं, "तू जा निवांत." तिची रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि मी गच्चीत गेले. भर दुपार होती. ज्वारी हाताला चटका देत होती. एकच ऊन खाल्लेली, आतून ओली. गरम धान्य कोंडलं की आत घाम धरतो आणि बुरशी चढते, हे निपाणीची लहान पोरसुद्धा सांगेल. मी ती तशीच सुपाने भरली. सगळी पिंपं. झाकणं गच्च लावली आणि वरून फडकी बांधली — काळजी घेतल्यासारखी.

रागाच्या भरात झालं असं म्हणू? नाही. बराच वेळ लागला त्या कामाला. मधे खाली येऊन मी चहासुद्धा प्यायले.

पुण्याहून परतल्यावर मृणालने ती पिंपं अडीअडचणीची म्हणून बंदच ठेवली. त्या पावसाळ्यात पुन्हा पाणी चढलं. गल्लीतल्या खालच्या मजल्यांवरची माणसं आमच्याकडे वर आली. मृणालने शेगडी पेटवली, ज्वारी शिजवायला पाणी चढवलं, "घाबरू नका, सगळ्यांना पुरेल," म्हणाली आणि सगळ्यांसमोर पहिलं पिंप उघडलं. भपकन वास आला. ज्वारीचे गठ्ठे झाले होते, वर हिरवी-काळी बुरशी. दुसरं उघडलं, तेही तसंच. तिसरं तिने उघडलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "व्हिडिओ बघून कुठं संसार होतो?" आणि मृणाल सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्कांनी नीटच भरली असणार. मीच ओली आणली. माझंच चुकलं."

मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं की नाही? मी उठले आणि आधीच वर आणून ठेवलेले माझे तांदूळ काढले. तिच्या शेगडीवर माझा भात — आयत्या बिळावर नागोबा! लोक जेवले. "शेवटी थोरली ती थोरली," सासूबाई म्हणाल्या. मी वाढत होते. मृणाल कोपऱ्यात भांडी विसळत होती, पाठ माझ्याकडे करून.

पिंपं तिने भंगारात घातली. शेगडीही मग तिने पुन्हा भरली नाही. पुढे ती दोघं बसवनगुडीला फ्लॅटवर राहायला गेली. आता तिच्याकडे आठवड्याचं सामान आठवड्याला येतं. पाऊस मोठा लागला की तिला झोप येत नाही, असं दीर सांगत होते. सासूबाई गेल्या. कोण चांगली सून, हे बघायला आता कुणी उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात ती मुलीला घेऊन आली होती. मुलीने कोठीत हात घालून विचारलं, "मम्मा, आपल्याकडे का नाही असं?" मृणाल हसून म्हणाली, "माझ्या हाताला ते नाही जमत गं. ते अक्काच्याच हाताला." तिचा त्यावर खरंच विश्वास आहे. मी केलेलं ती स्वतःचं वैगुण्य म्हणून मुलीला सांगते आहे. मी तिथेच उभी होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

ते मी बोलले नाही. आणि तिचं ते बोलणं ऐकून — आजही, एवढं सगळं झाल्यावरही — मला बरं वाटलं.