वनमालाबाईंचा ओव्हन आणि ‘नॉट रिपेअरेबल’

“मॉडल बंद हो गया है. रिपोर्ट में ‘नॉट रिपेअरेबल’ लिखो और आंटी को नया ओवन दिखाओ,” सेठ फोनवर म्हणाले.

मी तेव्हा मोहन नगरमधल्या एका स्वयंपाकघरात, ओव्हनमध्ये डोकं घालून बसलो होतो. सेठचं सुपेल्यात सर्व्हिस सेंटर आहे, मी तिथला मेकॅनिक. तिथेच नवे ओव्हनही विकायला असतात, हे ओघाने आलंच.

ओव्हन वनमालाबाईंचा. दिवाळीत बायका आपापलं तूप, मैदा, साखर डब्यात घालून त्यांच्याकडे देतात आणि नानखटाई भाजून नेतात. त्या दिवशी अकरा घरांचं पीठ मळून तयार होतं. प्रत्येक परातीवर नावाची चिठ्ठी. आणि ओव्हन फक्त वरून तापत होता. वरून लाल, खालून कच्चं.

“भाऊ, लोकाईचं घरचं तूप हाय,” त्या म्हणाल्या. “खराब झालं तर पुढच्या दिवाळीले माह्याकडे कोन येईन? होते का नाही होत, सरळ सांगा.”

“दहा मिनिटांत सांगतो,” मी म्हणालो. असली वाक्यं मी घरीही बोलतो. बायको तेव्हाच मोठा डबा भरून देते, दिवस जाणार हे तिला कळतं.

प्लग काढला. ओव्हनमध्ये दोन एलिमेंट असतात, वर एक, खाली एक. एलिमेंट म्हणजे तापणारी नळी. नळीच्या आत बारीक तारेचं वेटोळं असतं. खालच्या एलिमेंटच्या दोन टोकांना मीटर लावला. त्रेपन्न ओहम. हजार वॉटच्या एलिमेंटला हवेत तेवढेच.

“एलिमेंट ठणठणीत. स्विच गेला,” मी जाहीर केलं. बॅगेतला स्विच काढून बसवला. प्लग लावला. वरचा तापला, खालचा थंडगार.

वनमालाबाईंनी परातींवर ओलं फडकं टाकलं. वेळ लागणार, हे त्यांनी ओळखलं होतं. ते मला लागलं.

पुन्हा प्लग काढला आणि या वेळी एलिमेंटच्या तारा सोडवून मग मीटर लावला. काहीच नाही. आतलं वेटोळं तुटलेलं. मघाचे त्रेपन्न वरच्या एलिमेंटचे होते, दोघांच्या तारा स्विचमधून एकमेकांना जोडलेल्या ना! आधी एका कारखान्याच्या प्लांटमध्ये ठेक्यावर होतो तेव्हा तारा सोडवल्याशिवाय एकदाही मोजलं नाही. इथे बाई बघत होत्या, म्हणून मला चपळाई दाखवायची होती.

आणि तेवढ्यात सेठचा तो फोन आला.

“सेठजी, एलिमेंट गया है, बाकी सब ठीक है. कुम्हारी में बनवा लेता हूँ.”

“बाहर का पार्ट नहीं लगेगा.”

“तो सेंटर की तरफ से नहीं लगाता. दोपहर से मेरी छुट्टी है.”

“किसने दी?”

“मैंने ली.”

फोन ठेवल्यावर नोकरीचं काय होणार, हा विचार आलाच. तेही सांगतो, नाहीतर शूर वाटेन.

“तुमाले काही होनार तं नाही ना?” वनमालाबाईंनी विचारलं.

“होईल ते होईल. तुम्ही पीठ सांभाळा.”

जुना एलिमेंट काढून पिशवीत घातला आणि बाइक कुम्हारी गावाकडे काढली. तिथे हीटर बनवणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्याने जुनी नळी समोर ठेवली, तेवढीच लांब, तेवढ्याच वॉटची नवी वाकवली. फक्त म्हणाला, “पहली बार खाली गरम करना, धुआँ निकलेगा.”

परत येऊन बसवला. नळीच्या धातूत करंट उतरत नाही ना, ते तपासलं. मग ओव्हन रिकामाच तापवला. धूर निघाला, खिडक्या उघडल्या. धूर संपला आणि खालची नळी लालबुंद झाली. पहिला ट्रे आत गेला. बाहेर आला तेव्हा वनमालाबाईंनी एक नानखटाई उलटी करून पाहिली. बूड बदामी.

“पाहून काय राहिले? खा नं!” त्या ओरडल्या. माझी जीभ भाजली. अंधार पडायच्या आत अकराही डबे भरले.

दुसऱ्या दिवशी सेठने रिपोर्ट पुढे सरकवला. ‘नॉट रिपेअरेबल’ त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, फक्त माझी सही बाकी. मी ते खोडून लिहिलं: खालचा एलिमेंट बदलला, ओव्हन चालू.

“दुकान मेरी है,” सेठ म्हणाले.

“और साइन मेरी.”

पुढचा महिनाभर मला फक्त गीझरची कामं मिळाली. लोकांच्या बाथरूममध्ये, स्टुलावर, मान वर करून. मान अजून दुखते. पण तसली सही मी नंतरही केली नाही.

बाकी धडा एवढाच, की एलिमेंट मोजण्याआधी त्याच्या तारा सोडवाव्यात. नाहीतर रोगी सोडून शेजाऱ्याची तब्येत कळते.