बंद प्लेटवरचा धबधबा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टर उडवली... आता तुम्ही माझी उडवलीत तरी माझी तक्रार नाही.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. जालन्यात आमचं सरकीचं दुकान आणि मला फोटोग्राफीचं खूळ. थोरल्या भावाने, अण्णांनी, शेवटी निर्वाणीचं सांगितलं, "त्या धबधब्याचा एक तरी बरा फोटू आण. न्हाई तं हे कॅमेऱ्याचं डबडं इकून टाकतो, अन् तू गुमान दुकानात बसायचं."

धबधबा भोकरदनच्या पुढे, डोंगरातल्या ओढ्यावर. सोबत अहमद मास्तर — माझ्याहून वडील, पण दोस्त. शाळेत भूगोल शिकवायचे. धबधब्याच्या माथ्यावर पुढे आलेल्या खडकावर बसून भाकरी खायची, हा त्यांचा दर पावसाळ्याचा नेम. मी खाली कॅमेरा लावत होतो, आणि ते तिथूनच ओरडून शिकवत होते, "वरचा दगड कडक, खालचा मुरूम नरम. पाणी नरमाला खाऊन राह्यलं. एक दिवस वरचा तुटतो, मंग धबधबा मागं सरकतो. बराबर?"

"बराबर. हलू नका," मी म्हणालो. भिंगावरचं झाकण काढलं, लावलं. प्लेट एकच उरली होती.

काचेची प्लेट लाकडी चौकटीत बंद असते; पुढची फळी ओढल्याशिवाय उजेड आत जातच नाही. ओल शिरू नये म्हणून मी त्या फळीवर खळीने कागदाची पट्टी चिकटवायचो. घरी येऊन पाहतो तर पट्टी जशीच्या तशी — म्हणजे मी फळी ओढलीच नव्हती! कॅमेरा गेलाच, असं धरून चाललो.

"धुवून तं पाहू," मास्तर म्हणाले.

अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यात धुतली... आणि काचेवर धबधबा उमटला. पाण्याचा असा फोटो मी जन्मात काढला नव्हता. कागदावर छापून अण्णांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, मग स्वतःच्या हाताने दुकानात खिळा ठोकला. मी नाचायचाच बाकी होतो.

मास्तर मात्र फोटोतल्या कड्यावर बोट ठेवून उभे होते. फोटोत ते नव्हते. ते बसले होते तो खडकही नव्हता. कडा तिथून तुटलेला.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी भाकरीचं फडकं माथ्यावर न नेता खाली, माझ्या कॅमेऱ्याजवळ सोडलं. जेवता जेवता वर कडकड झाली आणि तो खडक आमच्या डोळ्यांदेखत कोसळला. उरलेला कडा थेट फोटोतला, रेघ न् रेघ.

मास्तरांचा घास हातातच राहिला. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता काढ फोटू. अन् ह्या बारीला फळी वढ."

काढला. दोन्ही फोटो दुकानात शेजारी टांगले. आधीचा कोणता, ते कुणालाच ओळखू आलं नाही. बंद फळीमागे उजेड कसा शिरला, मला आजही ठाऊक नाही. मास्तर मात्र पुढे कितीतरी पावसाळे माझ्यासोबत भाकरी खायला आले.