पाडव्याच्या म्हशीचा रस्ता

बायडाबाईबद्दल सांगायचं तर आधी एक सांगाय पाहिजे. ती गोड बोलणारी बाई न्हवं. तुमी तिच्या दारात गेला, तर "या, बसा" म्हणायच्या आधी "चपला बाजूला काढा, म्हस तुडवंल" असं ऐकू येणार. तोंड फाटकं, पण हात सढळ. गल्लीत कुणाची बाळंतीण घरला आली, की पयल्या दिवशी बायडाबाईच्या चंद्रीचं दूध तांब्या भरून जायचं. चंद्री म्हंजे तिची म्हस. दुधाबरोबर दम बी जायचा, "पाणी घालून वाढवलंसा तर बघा!"

माझी पिठाची गिरण पाणवठा गल्लीच्या तोंडाला हाय. आत जाणारा-येणारा माझ्या नजरंतनं सुटत न्हाय. म्हातारी माणसं सांगायची, ह्या वाटंनं एकेकाळी म्हशी पाण्यावर जायच्या, आणि दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी एकमेकीला घासत न्हवत्या. मग ज्येनं त्येनं आपापला पाय पसरला. एकानं दारापुढं कट्टा बांधला. शेजारी म्हणाला, मी काय येडा हाय व्हय? त्येनं न्हाणीच भाईर काढली. तिसऱ्यानं पायऱ्या काढल्या. बायडाबाईच्या मालकानं, केरबानं, वळणावरची गोठ्याची भिंत दिवसाढवळ्या रस्त्यात सरकवली आणि संध्याकाळी सगळ्यास्नी खरवस वाटला. खरवस खाल्ल्यावर कोण बोलतंय? मी बी दोन वड्या खाल्ल्या. केरबा माझा तालमीतला जोडीदार हुता. शेवटाला गल्ली एवढीच उरली, की अंगानं भरलेली दोन माणसं समोर आली तर एकानं मागं सरायचं. खाली गटार, गटारावर फरशा, फरशांच्या फटीतनं डासांची जत्रा.

एका दुपारी केरबाच्या छातीत कळ आली. गिरण तशीच टाकून मी पळालो. अँब्युलन्स आली, लगेच आली, खोटं कशाला बोलू? पण माझ्या दारात येऊन उभारली. पुढं चाक जाईना. मग आमी स्ट्रेचर घेऊन आत गेलो, केरबाला घातला आणि वळणावर आलो, तर स्ट्रेचर गोठ्याच्या भिंतीला अडलं. असं फिरवलं, तसं फिरवलं, वळतच न्हाय. शेवटी त्येला उठवून उभा केला. छातीत कळ आलेल्या माणसाला दोघांनी काखेत धरून आडवं चालवत पलीकडं काढला. गिरणीपाशी पोचलो तवा त्येची मान पडलेली हुती.

रस्ता असता तर जगला असता का, ते देवाला ठावं. पण बायडाबाईनं ते सगळं मागनं येत येत बघितलं हुतं.

ती रडली न्हाय. आल्यागेल्या बाया कुजबुजल्या, "दगूड हाय बाई." दिवसकार्य झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला पहारीचा आवाज आला. जाऊन बघतो तर पदर खोचून ही बाई गोठ्याची भिंत पाडालीया. मी म्हणलं, "वहिनी, व्हा बाजूला, मी पाडतो." तिनं मान बी वर केली न्हाय. म्हणाली, "भावजी, बांधताना इटा मीच हातात दिलत्या. पाडाय बी मलाच पायजे."

तिनं एकटीनं भिंत पाडली, पण वळणापुढं बाकीच्यांचे कट्टे हुतेच. ते कोण पाडतंय?

त्येच्या पुढच्या वर्षी रिडेव्हलपमेंटची हवा आली. अख्खी गल्ली पाडायची आणि तिथंच इमारती उठवून प्रत्येकाला पक्कं घर द्यायचं, अशी योजना. आराखडा कराय दीप्ती नावाची पोरगी आली. तरुण, सावळी, पायात साधी चप्पल. संगट आरोग्य खात्याची नर्स. तालमीत बैठक बसली. दीप्ती म्हणाली, "घरं बांधायच्या आधी मला इथली दुखणी समजून घ्यायची आहेत. कुणाला काय होतं, कशानं होतं, ते बघून इमारती, गटारं, पाण्याच्या टाक्या कुठं ठेवायच्या ते ठरवू."

आणि आमची माणसं काय म्हणाली असतील? "आमच्यात काय न्हाय मॅडम. सगळं बेस्ट हाय!" गेल्याच महिन्यात निम्मी गल्ली चिकनगुन्यानं आडवी झालती. बैठकीला माणसं गुडघ्याला हात लावून, भिंतीला धरून आलती. सांगणाऱ्याचाच पाय वाकडा पडत हुता, आणि हा सांगतोय सगळं बेस्ट! कारण आमच्याकडं रीत हाय. नव्या घराची बोलणी चालली असताना दुखण्याचं, मरणाचं नाव काढायचं न्हाय. वास्तू "तथास्तु" म्हणती. घराचा पाया पडायच्या आधी तोंडातनं अभद्र निघालं, की ते त्या घरात राहायलाच येतंय म्हणं.

दीप्ती काय हटली न्हाय. नर्सला घेऊन दारोदार फिरली, उंबऱ्यात बसून चहा पिली. घराघरात बोलता बोलता हळूहळू सगळं काढून घेतलं. तिनं पुढच्या बैठकीला दोन आराखडे भिंतीला लावले. एकात इमारतींच्या मधनं रुंद रस्ता, खालनं बंद गटार, प्रत्येक खोलीत ऊन, आणि दारापर्यंत गाडी. पण घरं जरा लहान. दुसऱ्यात हॉल मोठा, पण इमारती एकमेकींच्या नाकाला नाक लावून, आणि मधी बोळ. ती म्हणाली, "मी पहिलाच सुचवेन. पण घरं तुमची आहेत, निवड तुमची."

"हॉल मोठा!" एका आवाजात ओरडली सगळी. "रस्ता काय उशाला घ्यायचाय? मोटरसायकल गेली की झालं!"

तवा बायडाबाई उठली. म्हणाली, "आणि अँब्युलन्स कुठनं येणार?"

मग सम्राट उठला. सम्राट म्हंजे तालमीच्या मंडळाचा अध्यक्ष, मनानं चांगला गडी, पण डोकं भडकू. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत त्येची राणी म्हस दरसाल मानाचा फेटा जिंकती. शिंगांना मोरपिसं, अंगावर झूल, पायात चाळ. त्यो सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फाडफाड वाजवत पुढं पळणार आणि राणी त्येच्या मागनं पळणार. म्हशीवर त्येचा जीव एवढा, की लग्नात बायको संयोगिता म्हणालती, "मला सवत हाय, तिला चार पाय हायती."

तर सम्राट म्हणाला, "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणं मांडवाला आग लागली! काकू, घरं मिळायच्या आधी मढी कशाला काढालीस? खाली बस."

"केरबाला भिंतीला टेकवून उभा केलता, सम्राट. एक काख तूच धरलीतीस."

"म्हणून काय आता सगळ्यांच्या घरात केरबाकाका घालतीस व्हय?"

लई वाईट लागलं मला. बायडाबाई खाली बसली. पुढं पंधरवडाभर ती घरोघरी फिरली. चहा सगळ्यांनी दिला, शब्द कुणी न्हाय. संयोगितानं तेवढं तिला दारापर्यंत पोचवताना सांगितलं, "तुमचं खरं हाय काकू, पण आमच्यात ह्यांच्यापुढं बोलून सोय न्हाय." दीप्ती बी हळहळली. म्हणाली, "आजी, बहुमत दुसऱ्या बाजूला गेलं तर माझा हात बांधला जातो. पुढच्या बैठकीत शेवटचं ठरणार."

बैठकीच्या आदल्या दिवशी ती जोंधळं दळाय आली. पिठाचा डबा पुढं ठेवला. मग मधीच म्हणाली, "भावजी, पाडव्याला सम्राटची राणी गाडीमागनं पळताना केवढी जागा खाती हो?"

मी म्हणलं, "अहो, शिंगं मोजली तर अख्खा रस्ता लागतोय. का?"

"न्हाय, इच्चारलं." आणि हसली. केरबा गेल्यापासनं पयल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत ती कोपऱ्यात बसलेली. तोंडातनं ब्र न्हाय. बोलणी झाली, हात वर करायची येळ आली. तवा ही आपली बसल्याजागी, पदराचा काठ सरळ करत म्हणाली, "ते हॉलचं चांगलं झालं. पण सम्राट, पाडव्याला तुझी राणी कुठनं काढणार बाबा? जिन्यातनं?"

सम्राटचा हात निम्म्यात थांबला.

"बोळातनं म्हस जाईल की," कोणतरी म्हणालं.

"जाईल. एक जाईल, मुंडी खाली घालून. शिंगं भिंतीला घासत. आणि मागं पलीकडच्या पेठंतली माणसं दात काढत उभारतील, की पाणवठा गल्लीच्या म्हशी आता बोळातनं उंदरावानी निघत्यात. चालंल की! हॉल मोठा हाय न्हवं? राणीला हॉलमधीच पळवा."

अहो, काय सांगू! तालीम उठली. ज्येनं म्हस कधी पाळली न्हाय, त्यो बी छाती बडवाय लागला. "गल्लीचं नाक कापायचं काय?" "आमच्या आज्यापासनं मिरवणूक निघालीया!" सम्राट तर लालबुंद झाला. त्यो दीप्तीपुढं जाऊन म्हणाला, "मॅडम, दोन म्हशी शेजारी शेजारी, पुढं दोन मोटरसायकली, आणि कडंला बघणारी माणसं. एवढा रस्ता पायजे!"

दीप्ती ओठ दाबून म्हणाली, "मग हॉल लहान होईल."

"हुंद्या! म्हशीपरास हॉल मोठा हाय काय?"

सगळ्यांचे हात वर. मी बी केला. दीप्तीनं बायडाबाईकडं बघितलं. बायडाबाई छताकडं बघत हुती.

आता हितली खरी गोम सांगतो. नव्या इमारतीत गोठा न्हवता. शेण-मूत गटारात, गटारात डास, ते दीप्तीनं आधीच समजावून सांगितलं हुतं. म्हशींची सोय गावाभाईर एका मोठ्या गोठ्यात, पाडव्याला तेवढ्या मिरवणुकीसाठी गल्लीत आणायच्या. सम्राटला काय, गाडीवरनं जाणार दोन येळंला. पण बायडाबाईच्या गुडघ्यांनी ते हुणार हुतं काय? सगळ्यांच्या म्हशींसाठी ती भांडली, आणि तिची स्वतःची म्हस ऱ्हाणार न्हवती. ह्ये तिला पयल्या दिवसापासनं ठावं हुतं.

चंद्रीला तिनं शिरोळला भणीकडं धाडली. टेम्पो माझ्या गिरणीपाशी उभारलता. चंद्री चढंना, सारखी मागं वळून बघाय लागली. बायडाबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि खेकसली, "चढ की गं भवाने, तिकडं ऊस हाय खायाला!" टेम्पो गेला. तवा बी तिच्या डोळ्यात पाणी न्हाय. मीच आपला पीठ उडालं म्हणून डोळं पुसलं.

बांधकाम चाललं तसं चाललं, रखडलं तसं रखडलं. आमी भाड्याच्या खोल्यांत दिवस काढले आणि एकदाचे परत आलो. हॉल लहानच हायत. पाहुणं आलं तर कॉट उभी कराय लागती, शिव्या बी देतो आमी. पण सकाळचं ऊन पार सैपाकाच्या ओट्यापर्यंत येतंय, आणि गटारावर पाय टाकायची भीती न्हाय. बायडाबाईला तळमजला मिळाला. दीप्तीनं इमारतीच्या कडंनं बसाय कट्टा ठेवलाय, रस्त्यात न येणारा. त्येच्यावर ती दिवसभर बसणार आणि कुणी गाडी आडवी लावली, की तिचं तोंड सुटणार. "काढ ती! म्हशीचा रस्ता हाय!" लोक हसायचे. पण गाडी काढायचे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला, सकाळची भाकरीची येळ. वरनं संयोगिताची किंकाळी आली. तिला आठवा महिना लागलेला, आणि अंगावरनं रक्त जाय लागलेलं. सम्राट गोठ्यावरनं नुकताच आलता. दुधाची किटली तशीच जिन्यात सोडून त्यो नुसता वर-खाली करत ऱ्हायला. एवढा तालमीतला गडी, त्येला फोन बी लावता येईना. फोन मी लावला.

आणि गाडी आली. माझ्या गिरणीपाशी थांबली न्हाय. मी हात करत पुढं पळालो, ती माझ्या मागनं सरळ आत. जिथं ते जुनं वळण हुतं तिथनं वळली आणि जिन्याच्या पायरीला दार लावून उभारली. संयोगिताला आडवीच्या आडवी उचलून आत घातली. कुणाला उभं केलं न्हाय, कुणाला काखेत धरलं न्हाय.

सम्राट बायडाबाईकडं बघत नुसताच उभा. "काकू..." एवढंच आलं त्येच्या तोंडातनं.

"माझ्या तोंडाकडं काय बघालायस? चढ आत! हात धर तिचा!"

गाडी गेली. बायडाबाई रस्त्याच्या मधोमध उभी. म्हणाली, "भावजी, वळली की हो गाडी."

"वळली वहिनी."

"एका दमात वळली."

आणि तिथंच कट्ट्याला टेकून ती रडाय लागली. तोंडावर पदर घेऊन, मोठ्यानं, केरबाचं नाव घेऊन. जे इतक्या वर्षांत आलं न्हवतं ते सगळं आलं. वरच्या मजल्यावरच्या बाया खाली उतरल्या आणि तिच्याभवती बसल्या. दगूड म्हणणाऱ्या बी त्यात हुत्या.

सांजच्याला सम्राटचा फोन आला. पोरगी झाली, काचेच्या पेटीत ठेवलीया, पण रडतीया चांगली. संयोगिता शुद्धीवर हाय. मी धावत जाऊन बायडाबाईला सांगितलं. तिनं वर आभाळाकडं बघून हात जोडले, तोंड धुतलं, आणि दाराआडच्या रिकाम्या तांब्याकडं बघत ऱ्हायली.

"बरं झालं," ती म्हणाली. "चंद्री असती, तर घरला आल्यावर दूध धाडलं असतं बाळंतिणीला."